पायरीवरचा उजेड

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, ब्लाउज पीस, परकर. दहा बाय बाराची खोली, तिन्ही भिंतींना छतापर्यंत कप्पे. पण खरं दुकान आत नाहीच, ते पायरीवर आहे. आत बाई साडी उघडते, मी चार पीस काढून साडीवर टाकते, त्यातला एक तिला पटतो आणि मग आम्ही दोघी एकदमच उठतो. "चला, उजेडात बघू." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन, देवाला ठाऊक. नवऱ्याशीसुद्धा एवढं बोलले नसेन.

कारण ट्यूबच्या उजेडात सगळंच जुळतं. काळा आणि गडद निळा आत सख्खे भाऊ वाटतात, पायरीवर आणले की एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. डाळिंबी साडीवर आत घट्ट बसलेला फॉल बाहेर आला की विटकरी निघतो. म्हणून पायरी. त्यातही सकाळी अकराचं ऊन खरं, चारनंतरचं लबाड, सगळ्यावर हळद फिरवतं. पाच वाजले की मी मॅचिंग बंद करते. मग कुणी कितीही घाईचं लग्न सांगू दे. "काकू, रिक्षा उभी आहे हो!" असू दे उभी.

आणि रंगांची नावं! हल्लीच्या मुली येतात आणि म्हणतात, "पर्पल द्या." अगं बाई, पर्पल म्हणजे कोणता? जांभळा, वांगी, कोनफळी, आमसुली की अंजिरी? मग ती मोबाइल काढून फोटो दाखवते. मी फोटोकडं बघतसुद्धा नाही. म्हणते, "हा तुझ्या मोबाइलचा रंग झाला. साडीचा कुठंय?" मुलगी फणकारते, पण दुसऱ्या दिवशी साडी घेऊन येते.

हे सगळं मिरवायला सांगते आहे असं वाटेल. आहेच मिरवणं. माझं शिक्षण दहावी, तेही दोनदा बसून. स्वयंपाक बरा, शिवण वाईट, हिशेबात कच्ची. पण नजर! हे होते तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या मंडळींना एकदा साडी दाखवा, महिन्यानंतर विचारा, त्या न बघता पीस काढून देतील." आणि मी द्यायचे. हे गेले त्याला बारा वर्षं झाली. दुकान चालेल का, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. चाललं ते माझ्या नजरेवर. एवढी एकच गोष्ट माझ्याकडं अशी होती की जी दुसऱ्या कुणाची नव्हती. ती गेली तर मी कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण ती जाईल असं वाटलंच नव्हतं.

आता चाचांचं सांगायला हवं. कप्प्यांत जो रंग मिळत नाही तो रंगवून घ्यावा लागतो, आणि आमचं रंगवायचं काम पहिल्यापासून रोशनगेटच्या आतल्या एका रंगाऱ्याकडं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते काळ्या दाढीचे होते. आता पंचाहत्तरी ओलांडली असेल. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो, मीही चाचाच म्हणते. त्यांच्या डोळ्यांवर जाडजूड भिंगांचा चष्मा. चाळिशीच्या आतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन झालं. तेव्हा आतून भिंग काढायचे आणि बदल्यात नवं काही बसवायचे नाहीत, नाकावर हा चष्मा द्यायचे. त्या चष्म्यातून चाचांचे डोळे एवढे मोठे दिसतात की पहिल्यांदा बघणारी बाई दचकते.

दर दोन दिवसांनी चाचा गाठोडं घेऊन येत. पायरीवर बसत, पाणी पीत, आणि आत काउंटरकडं बघून दरवेळी एकच तक्रार करत. "बाई, वो बत्ती बंद करो ना. आँखाँ में घुसती."

वो बत्ती म्हणजे नोटा तपासायचं यंत्र. छोटासा डबा, आत जांभळट दिवा. नोट खाली धरली की खऱ्या नोटेतले धागे चमकतात. दिवा म्हणजे नावाला, आम्हांला जेमतेम जांभळी झाक दिसायची. तो डोळ्यांत घुसतो म्हणजे काय? मी आणि सूनबाई एकमेकींकडं बघून हसायचो. "चाचा, लई नाटकं हां तुमची," असं म्हणून मी दिवा तसाच चालू ठेवायचे. चाचा तोंड फिरवून गल्लीकडं बघत बसायचे.

गेल्या लग्नसराईत बजाजनगरहून एक नेहमीच्या बाई आल्या. नवरा कंपनीत, मुलीचं लग्न, कोनफळी रंगाचा शालू. कोनफळीचा पीस माझ्याकडं नव्हता. मी म्हटलं, रंगवून देते, काळजी करू नका. चाचांनी रंगवून आणला. पायरीवर, अकराच्या उन्हात, मी शालूच्या तुकड्यावर ठेवला. जुळेना. पीस मला उगाच निळसर वाटला.

"चाचा, निळा जास्त झालाय."

चाचांनी पीस हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. "बराबर है बाई."

"बरोबर कसला? मला दिसत नाही का?"

त्यांनी पुन्हा रंगवला. पुन्हा निळसर. तिसऱ्या वेळी मनासारखा आला, मी पास केला. पास केलेल्या पिसाला मी बारकी चिठ्ठी टाचते, तिच्याशी साडीच्या काठाचा एक धागा गुंडाळते, आणि वर बरोबरची खूण. ती खूण म्हणजे माझा शब्द.

आठवड्याने त्या बाई बजाजनगरहून दोन रिक्षा बदलून परत आल्या. त्यांनी पायरीवर शालू उघडला, वर ब्लाउज ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, हे काय हो? शालू कोनफळी आणि ब्लाउज चॉकलेटी!"

मी बघितलं. मला दोन्ही एकच दिसत होते. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं पाणी नव्हतं ते. मी म्हटलं, "शिवताना इस्त्री गरम लागली असेल, रंग फिरला." तोंडाला आलं ते बोलले. त्यानंतर महिन्याभरात आणखी तीन पीस परत आले. एक मोरपंखी, दोन जांभळे. चार गिऱ्हाइकं, चारही जुनी.

मी कारणं शोधायला लागले. ट्यूब बदलून बघितल्या. सूनबाईवर डाफरले की तू साड्यांची अदलाबदल करतेस. गल्लीत समोर कुणीतरी हिरवं शेड टाकलं होतं, त्याच्यावर खापर फोडलं. आणि शेवटी माणूस जे करतो ते केलं. ज्याला उलट बोलता येणार नाही असा एक जण धरला.

त्या दिवशी पायरीवर चार बायका होत्या. चाचांनी गाठोडं सोडलं, मी पहिलाच पीस उचलला आणि भडकले. "चाचा, हे पुन्हा निळं! माझी जन्माची गिऱ्हाइकं तुटायला लागली तुमच्यापायी. तुमचे डोळे तपासून घ्या आता, नाहीतर भट्टी बंद करून घरी बसा!"

समोरच्या बांगडीवाल्याने मान वर करून बघितलं. चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "हौ बाई," म्हणाले. "ठीक है." गाठोडं बांधून निघून गेले. त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं नाही.

मला वाईट वाटलं का? खरं सांगू, नाही वाटलं. उलट हलकं वाटलं. आणि गंमत बघा, त्यानंतर सगळं सुरळीत झालं! चाचा पीस पाठवायचे, मी बघायचे, पहिल्याच झटक्यात जुळायचा. एकही पीस परत येईना. मी सूनबाईला म्हटलं, "बघितलंस? कधी कधी बोलावंच लागतं." सूनबाई फॉलची घडी घालत होती. "व्हय आत्या," म्हणाली आणि खाली बघून हसली. ती माझ्या भावाचीच मुलगी, पैठणकडची, म्हणून मला आत्याच म्हणते. मला वाटलं माझं कौतुक वाटून हसली. चाचा स्वतः येणं मात्र कमी झालं होतं. सूनबाईच स्कूटीवरून रोशनगेटला जाऊन पीस आणायची.

दुकानात असं राज्य चाललं होतं आणि घरी, हर्सूलला, माझं पांढऱ्या कपड्यांवरून भांडण सुरू होतं. मला एकही पांढरा कपडा पांढरा दिसेना. चादरी पिवळ्या, बनियन पिवळे. "धुता का नुसते बुडवून काढता?" असं म्हणून मी स्वतः नीळ घालायला बसले. थोडी घातली, फरक पडेना. आणखी घातली. माझ्या मुलाचे तीन शर्ट मी अशा प्रेमाने निळवले की तो वाळूजला कामावर गेला तेव्हा फाटकावर वॉचमनने त्याला विचारलं, "साहेब, आपला युनिफॉर्म बदलला का?"

संध्याकाळी तो आला, शर्ट माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "आई, हा कोणता रंग?"

"पांढरा. आता कुठं पांढरा झालाय."

त्याने शर्ट घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

डॉक्टर मुलगीच होती, माझ्या मुलापेक्षा लहान. माझ्या डोळ्यात दिवा मारून म्हणाली, "आजी, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय."

मला आधी 'आजी'चाच राग आला. "पिकायला आंबा आहे का तो?"

"तसंच समजा," ती हसली. "आपल्या डोळ्यात आत एक भिंग असतं. लहानपणी ते काचेसारखं स्वच्छ असतं. वय वाढलं की पिवळं पडतं, मग तपकिरी. तुमचं चहासारखं झालंय. निळा, जांभळा उजेड त्यातून आत पोचतच नाही. किती वर्षांपासून असं असेल सांगता येणार नाही, कारण हे इतकं हळूहळू होतं की ज्याचं होतं त्याला कळतच नाही."

माझ्या डोक्यात कोनफळी शालू उघडला गेला होता. पण मी तो घाईघाईने मिटला. म्हटलं, छे, साडी आणि पीस दोन्ही मी एकाच डोळ्याने बघते, पिवळा दिसला तर दोन्ही पिवळे दिसतील. जुळायचं ते जुळणारच. हुशार बाईला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो!

आधी उजवा डोळा करायचं ठरलं. ऑपरेशन दुखलं नाही, वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि समोर नर्स उभी होती. तिचा पांढरा कोट! आई गं! मी पांढरा रंग विसरले होते. असा पांढरा, की त्यात थोडं निळं आहे असं वाटावं. खिडकीत प्लास्टिकची निळी बादली होती, तिच्याकडं मी किती वेळ बघत होते. सुनेला वाटलं मला काही झालं. "आत्या, काय बघता?" मी म्हटलं, "बादली." आणि मला रडू आलं. बादलीसाठी रडलेली मी शहरातली पहिलीच बाई असेन.

मग मला खेळच सापडला. डावा डोळा मिटायचा, नव्या उजव्याने बघायचं, जग धुतलेलं. उजवा मिटायचा, डाव्याने बघायचं, जगावर चहा सांडलेला. दिवसभर माझी उघडझाप चाललेली. मुलगा म्हणाला, "आई, बाहेर करू नकोस, लोक काय समजतील."

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरला विचारलं, "ज्याचं आतलं भिंग काढलं आणि नवं घातलंच नाही, त्याला कसं दिसतं?"

ती खूश झाली. म्हणाली, "अहो, गंमत आहे. जांभळ्याच्या पलीकडंही उजेड असतो. आपल्याला तो दिसत नाही, कारण आपलं भिंग त्याला आत येऊ देत नाही. नवं बसवतो तेही अडवतं. पण ज्यांना भिंगच नाही त्यांना त्यातला थोडा दिसतो. नोटा तपासायचा दिवा असतो ना, तो त्यांना झगझगीत दिसू शकतो."

मी खुर्चीतून उठलेच नाही. मुलाने हात धरला तेव्हा उठले.

तीन आठवडे धुळीत जायचं नव्हतं. बाविसाव्या दिवशी दुकानात गेले. काय सांगू, आपल्याच दुकानात मी पाहुणी झाले. माझे कप्पे! चिंतामणी रंगाचा निळा मी किती वर्षं मेलेला बघत होते, तो जिवंत होऊन बसला होता. मी 'राखाडी' म्हणून ठेवलेल्या कप्प्यात चार पीस चक्क फिकट जांभळे होते. सूनबाई समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेली होती. टाचण्यांची डबी हवी म्हणून मी काउंटरखालचा खण ओढला, आणि मागं कोंबलेली एक मोठी पिशवी हाताला लागली.

पिशवीत पीस होते. ब्लाउजचे, फॉलचे, पन्नासेक तरी असतील. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठीवर माझ्या हाताची बरोबरची खूण. म्हणजे हे सगळे मी पास केलेले, गिऱ्हाइकांकडं गेलेले पीस. मग ते इथं कसे?

मी पिशवी घेऊन पायरीवर आले. सकाळचं ऊन होतं, माझं खरं ऊन. प्रत्येक चिठ्ठीशी साडीच्या काठाचा नमुन्याचा धागा गुंडाळलेला होता. मी एक पीस घेतला, धागा त्यावर ठेवला. नव्या डोळ्याने बघितलं. धागा कोनफळी, पीस तपकिरी. नवा डोळा मिटून जुन्याने बघितलं. जुळला! अगदी तंतोतंत. दुसरा घेतला. धागा मोरपंखी, पीस शेवाळी. जुना डोळा: जुळला. तिसरा, चौथा, दहावा. सगळ्यांवर माझी खूण, आणि सगळे चुकीचे.

सूनबाई चहा घेऊन आली आणि पिशवी बघून जागच्या जागी थांबली.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"आत्या, चिडू नका."

"चिडायला अंगात जीव राहिलाय का? बोल."

मग तिने सांगितलं. मी चाचांना पायरीवर बोलले त्याच संध्याकाळी ती रोशनगेटला गेली होती, माझ्या वतीने माफी मागायला. चाचांनी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, तुझ्या सासूची नजर पिवळी पडली आहे. तेव्हापासून चाचा प्रत्येक ऑर्डरीचे दोन पीस रंगवत होते. एक माझ्या डोळ्याला जुळेल असा, एक साडीला जुळेल असा. मी पहिला बघायचे, चिठ्ठी टाचायचे, आणि सूनबाई बांधताना दुसरा घालायची.

"आणि माझ्या मुलाला माहीत होतं?"

"नाही. नीळ घातली तेव्हा त्यांना मी बोलले."

म्हणजे मी ज्यांना बोलले, त्यांनीच माझी लाज झाकली होती. आठ महिने, दुप्पट काम करून. आणि मी इकडं सांगत होते, बघितलंस, कधी कधी बोलावंच लागतं. चहा तसाच निवला. मी सूनबाईच्या पाठीवरून हात फिरवला, तोही तोंड दुसरीकडं करून, कारण मला तिच्याकडं बघवेना.

लगेच उठून चाचांकडं गेले असं लिहायला छान वाटलं असतं. गेले नाही. दोन दिवस निमित्तं काढली. आज डोळ्यात थेंब घालायचेत, उद्या अमावास्या आहे. तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली, रिक्षा केली आणि रोशनगेटला उतरले.

चाचांचं अंगण मी वीसेक वर्षांत बघितलं नव्हतं. दोऱ्यांवर ओल्या ओढण्या, खाली तांब्याची दोन पातेली, भट्टीशी चाचा उकिडवे बसलेले. त्यांनी मला बघितलं, मग पिशवीकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. "आओ बाई," म्हणाले आणि आतून खुर्ची मागवली.

मी खुर्चीवर बसलेच नाही. "चाचा," मी म्हटलं आणि पुढं शब्दच येईना. मी, जिचं तोंड गल्लीत कुणी धरू शकत नाही! शेवटी भलताच प्रश्न विचारला. "माझ्या डोळ्याला काय जुळेल, ते तुम्हांला कसं कळायचं?"

चाचा उठले. भिंतीतल्या कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेल्या दोन काचा काढल्या. एक फिकट पिवळी, कुठल्या तरी जुन्या दाराच्या तावदानाची. दुसरी गडद तपकिरी, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"मेरेकु ज्यादा दिखता बाई," ते म्हणाले. "ऑपरेशन के बाद से. सफेद कपड़ा भी नीला मारता. पहले मेरे रंग सब गलत होते थे. बीबी बोलती ये दो कपड़े एक हैं, मैं बोलता नहीं हैं. झगड़ झगड़ के ये पीली काच मिली. इसमें से देखा तो बीबी की बात बराबर. तब से दुनिया का रंग मैं इसमें से देखता." मग त्यांनी तपकिरी काच उचलली. "और तुमकु कम दिखता था. तो ये बोतल फोड़ी. तुमने जो पीस वापस किये थे ना, वो इसमें से देखे. मिल का रंग और भट्टी का रंग सादी नजर में एक दिखते, पीली नजर में अलग. सचमुच नहीं जुळते थे." 'जुळते' हा शब्द मराठीच होता, आणि तो त्यांनी मला धीर दिल्यासारखा उच्चारला.

"मला सांगितलं का नाही तुम्ही? मी तुम्हांला एवढं बोलले."

चाचांनी भट्टीतलं लाकूड पुढं सरकवलं. "मेरी नजर गई थी तब मेरेकु भी किसी ने नहीं बोला. दुकानवाले आते नहीं थे, बस. काम बंद. चार महिने मैं समझा नहीं कायकू. तुम्हारे वो अकेले बोले, चाचा, डॉक्टर को दिखाओ, तब तक काम मैं रोक के रखता हूँ." वो म्हणजे माझे हे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. "तुमकु बोलता तो तुम दुकान में बैठती क्या? नहीं बैठती. नजर तो वापस आती बाई. दुकान उठ गया तो वापस नहीं आता."

मी तिथंच पातेल्यांशेजारी रडले. बादलीसाठी रडले त्याहून जास्त. चाचा अवघडून ओढण्या सारख्या करत राहिले.

"ये अब तुम्हारी," म्हणून त्यांनी तपकिरी काच माझ्या हातात दिली. मी ती नव्या डोळ्यापुढं धरली. दोरीवरची कोनफळी ओढणी विटक्या चॉकलेटी रंगाची झाली. बजाजनगरच्या बाईंचा ब्लाउज. मी काच खाली घेतली, ओढणी पुन्हा कोनफळी झाली. पुन्हा वर धरली. हेच मी वर्षानुवर्षं बघत होते आणि दुसऱ्याला म्हणत होते, डोळे तपासून घ्या.

पण अंगणात मागितलेली माफी पुरेशी नव्हती. बोलले होते पायरीवर, चार बायकांसमोर. मी म्हटलं, "उद्या अकराला दुकानात या. तुम्ही स्वतः या."

चाचा आले. पायरीवर दोघी गिऱ्हाइकं होती, बांगडीवालाही होता. मी काउंटरमागून बाहेर आले आणि मोठ्याने म्हटलं, "चाचा, मी इथं तुम्हांला वाट्टेल ते बोलले होते. डोळे माझे गेले होते, तुमचे नाही. मला माफ करा." दोघी गिऱ्हाइकांना आगापिछा काहीच माहीत नव्हता. त्यातली एक म्हणाली, "काकू, माझा फॉल बघता का आधी?" बांगडीवाला मात्र हातातलं काम सोडून उभा राहिला होता.

चाचा पायरीवर बसले. पाण्याचा तांब्या घेतला, सावकाश प्यायले. मी वाट बघत उभी होते. आता काही बोलतील, मोठं काहीतरी. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत काउंटरकडं मान वळवली.

"माफ किया बाई. पहले वो बत्ती बंद करो."

इतकी वर्षं ते सांगत होते आणि इतकी वर्षं मी हसत होते. मी आत गेले आणि जो उजेड मला कधी दिसलाच नव्हता, तो बंद केला.